निळा पडदा आणि नळदुरुस्ती

"दुकानात? कशाला न्यायचा दुकानात? अरे, सगळं आयुष्य पाणीखात्यात काढलंय मी! या गावातला असा एक पाइप दाखवा जो तुंबला आणि मी मोकळा केला नाही! त्यापुढे हा कॉम्प्युटरचा डबा म्हणजे काय? आत काहीतरी तुंबलंय, म्हणून हळू चालतो. रीसेट मारायचा, की लागला वाहायला धो धो!"

तांबड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी विस्तिन ग्रिश्ती हे बोलला तेव्हा त्याच्या एका हातात चहाचा ग्लास होता आणि दुसऱ्या हातात वाटाण्याचं सारण भरलेली गरम पास्तित्सी. बारसमोर बसलेल्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. त्यांना काय! डबा त्यांच्या घरचा थोडाच होता!

क्लबचा अध्यक्ष लेली बारही सांभाळायचा. त्याने कप पुसता पुसता शंका काढलीच. "विस्तिन, उत्सव आठवड्यावर आलाय रे. आणि चेन्सूचा मार्च त्या डब्यातच आहे ना? काही झालंबिलं तर?"

"काय होणार? त्यात सोय असते, 'माझ्या फाइल्स ठेवा' म्हणून. मी वाचलंय."

"कुठे?"

"वाचलंय म्हटलं ना!"

आता हा मार्च काय, आणि लेलीला एवढी धाकधूक का, ते आधी सांगायला हवं. आमच्या गावात चर्च एक, चौक एक, पण बँड क्लब दोन. चौकाच्या या अंगाला संत युफेमियाचे तांबडे, त्या अंगाला संत रोकचे निळे. मधे अंतर एवढंच, की एका गॅलरीत कुणी शिंकलं तर दुसऱ्या गॅलरीतून शिवी येते. उत्सवात कुणाचे फटाके मोठे, कुणाची रोषणाई दांडगी आणि मुख्य म्हणजे कुणाचा नवा मार्च, म्हणजे बँडने मिरवणुकीत वाजवायची चाल, भारी, यावर वर्षभराची इज्जत ठरते. माणूस जन्मतो तो तांबडा नाहीतर निळा, आणि मरतोही तसाच. विस्तिन तर असा तांबडा, की लग्नानंतर नव्या घराचं निळं दार त्याने दुसऱ्याच दिवशी रंगवायला काढलं. बायको म्हणाली, "अहो, आत छप्पर गळतंय, ते तरी आधी बघा!" त्याने आधी दार रंगवलं.

चेन्सू हा तांबड्यांचा बँडमास्तर, आणि विस्तिनच्या थोरल्या बहिणीचा, जेम्माचा, नवरा. गेल्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले. पेन धरवेना, आणि डोक्यात तर सूर मावेनात! मग तो रोज दुपारी क्लबच्या ऑफिसात येऊन कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि एका बोटाने एकेक सूर टिपत मार्च लिहायचा. कागदावर एक ओळ नाही. जे काही होतं ते त्या डब्यात. हिवाळ्यात मार्च पुरा झाला, आणि ईस्टरआधीच्या उपासांत चेन्सू गेला. जेम्माने काळे कपडे घातले आणि भावाला एकच सांगितलं, "उत्सवाला तो वाजव. मला बाकी काही नको."

मार्च पुरा झाला त्याच दिवसापासून विस्तिनने त्याची राखण केली, ती बँकवाल्यांनी येऊन शिकावी अशी! आमच्या चर्चच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत. एक बरोबर वेळ दाखवतं, दुसरं मुद्दाम चुकीची. प्रार्थनेची खरी वेळ सैतानाला कळू नये म्हणून. विस्तिनने तीच युक्ती निळ्यांसाठी केली. कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत एक फाइल ठेवली, 'नवा मार्च, अत्यंत गुप्त'. तिच्यात भरली एक जुनी पोल्का, म्हणजे उड्या मारत नाचायची धून. उत्सवात समुद्रावर तेल चोपडलेल्या खांबावर पोरं चढतात आणि घसरून पाण्यात पडतात, तेव्हा वाजवतात ती. आणि चेन्सूच्या खऱ्या मार्चच्या फाइलला नाव दिलं, 'संडासाची नळदुरुस्ती'. निळ्यांचा हेर आलाच तर पोल्का चोरेल आणि तोंडावर पडेल!

एवढ्यावर थांबला तर तो विस्तिन कसला! त्याने फाइल उघडली, चेन्सूने मार्चच्या डोक्यावर टाइप केलेलं खरं नावही पुसलं, आणि तिथेसुद्धा 'संडासाची नळदुरुस्ती' असंच लिहिलं. खरं नाव ठाऊक होतं ते चेन्सूला आणि विस्तिनला, दोघांनाच. ते उत्सवाच्या दिवशी जाहीर व्हायचं होतं.

त्यानंतर हिवाळ्यातच एकदा चेन्सू म्हणाला होता, "विस्तिन, चार माणसं बोलाव रे. दोन क्लॅरिनेट, एक कॉर्नेट, एक ढोल. नुसतं एकदा कानावर पडू दे."

"वेडा आहेस का? समोर निळे टपून बसलेत!"

"खिडक्या लावून घेऊ."

"आणि भिंतींचं काय? त्यापेक्षा हेडफोन लाव. कॉम्प्युटर वाजवून दाखवतो की."

"ह्याला मार्च म्हणत नाहीत बाबा. डास म्हणतात."

"उत्सवाला ऐक! पोटभर ऐक!"

चेन्सू नुसता हसला. उत्सव यायच्या आधीच तो गेला. या गोष्टीवर विस्तिन कधी बोलत नसे. कुणी विषय काढलाच, तर तो घाईघाईने निळ्यांना शिव्या द्यायला लागे.

असो. तर भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, विस्तिनने रीसेट मारला. 'माझ्या फाइल्स ठेवा'वर टिचकी मारली, बोटं मोडली आणि खुर्चीत रेलून बसला. पडद्यावर टक्के चढायला लागले. नेमकं तेव्हाच खाली लेलीच्या मनात आलं, की क्लबच्या दर्शनी भिंतीवरचे उत्सवाचे दिवे लागतात की नाही ते बघावं. शेकड्यांनी दिवे! त्याने खटका ओढला. दिवे लागले, झकास दिसले, आणि मग 'फट्!' झालं. दिवे गेले, पंखा गेला, कॉफीचं मशीन गेलं, आणि वरती टक्के चढता चढता डबाही गेला.

"लेलीऽऽ!"

"छान दिसत होते रे!" खालून आवाज आला. "बघितलेस का?"

फ्यूज बदलला, वीज आली. विस्तिनने संत युफेमियाचं नाव घेऊन बटण दाबलं. डबा घरघरला, बराच वेळ विचार करत बसला, आणि पडदा उजळला. निळा! वरपासून खालपर्यंत निळा! चौकापलीकडच्या झेंड्यासारखा तस्साच निळा! आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, की तुमचा कॉम्प्युटर नीट सुरू झालेला नाही.

"मादोन्ना!" जिना चढून आलेला लेली दारातच थबकला. "हे आपल्या क्लबात कसं आलं?"

बघता बघता ऑफिसात दहाबारा तांबडे गोळा झाले. कुणी छातीवर क्रॉसची खूण केली, कुणी बाह्या सरसावल्या.

"हे त्यांचंच काम!"

"निळ्यांच्या क्लेटनचं! दुसरं कोण? त्याचंच कॉम्प्युटरचं दुकान आहे!"

"वायरीतून पाठवलं असणार. आधी ती खिडकी लावा!"

"आणि तो पडदा झाका रे! भिंतीवर संताचा फोटो आहे!"

लेलीने उत्सवासाठी धुऊन ठेवलेलं तांबडं मखमली कापड आणलं आणि कॉम्प्युटरवर टाकलं. त्यामुळे पुढचं सगळं काम विस्तिनला जुन्या काळच्या फोटोवाल्यासारखं कापडात डोकं खुपसून करावं लागलं. आत उकडून जीव जात होता. त्याने बंद केलं, चालू केलं. निळा. 'आपोआप दुरुस्ती' दाबलं. डबा म्हणाला, दुरुस्ती करता आली नाही. निळा. पुन्हा 'माझ्या फाइल्स ठेवा' दाबलं. डबा म्हणाला, जमत नाही, काहीही बदल केलेला नाही.

"मग मघाशी काय केलंस रे, मेल्या?" विस्तिन कापडाच्या आतून ओरडला.

आता मदत मागणं भाग होतं. शेजारच्या गावांत दुकानं होती. पण या बेटावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा जो तो कुठल्यातरी निळ्याचा मावसभाऊ निघतो. मग विस्तिनने ठरवलं, की फोन थेट क्लेटनलाच करायचा, पण आवाज बदलून. गावात त्याच्याइतका हुशार दुसरा कुणी नाही, हे विस्तिनला मनातल्या मनात मान्य होतं. त्याने फोनवर रुमाल धरला.

"हॅलो, मी गोझोहून बोलतोय, पलीकडच्या बेटावरून. शेतकरी आहे."

"बोला, शेतकरीबुवा."

"माझ्या कॉम्प्युटरचा पडदा, त्याचा रंग बदललाय."

"निळा झालाय?"

विस्तिनला तो शब्द काही उच्चारवेना. "साधारण."

"साधारण म्हणजे काय? निळा आहे की नाही?"

"समुद्रासारखा आहे!"

"बरं बरं. रीसेट करताना मधेच वीज गेली का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या गोझोतले दिवे आत्ता माझ्या दुकानातून दिसले. झकास होते."

विस्तिनच्या मानेवरून घामाची धार लागली. तरी त्याने नेट लावून सांगितलं, "आमचे दिवे लांबून दिसतात."

"दिसतात खरे. आता ऐका. घाबरायचं काही कारण नाही. आधी फाइल्स बाहेर काढा. पडद्यावर 'ट्रबलशूट' आहे, ते दाबा. पुढे एक काळी खिडकी उघडता येते. तिच्यात 'नोटपॅड' असं लिहा. ते उघडलं, की त्याच्या 'ओपन'मधून तुमच्या सगळ्या फाइल्स दिसतील. त्या उचलायच्या आणि पेनड्राइव्हवर टाकायच्या. सगळ्या टाका."

"सगळ्या कशाला?"

"अहो, पेनड्राइव्ह काय चारा मागतोय का तुमच्याकडे? सगळ्या टाका. मग 'सगळं काढून टाका' दाबा. तिथे तो विचारेल, नुसत्या फाइल्स काढू, की ड्राइव्ह पूर्ण साफ करू? पूर्ण साफ करू नका! नुसत्या काढल्यात, तर मागे काही राहिलंच असेल ते मी शोधून देईन. पण पूर्ण साफ केलंत, तर कुणाचा बापही परत आणू शकणार नाही. कळलं?"

"कळलं. उपकार झाले."

"आणि संत युफेमियाला माझा नमस्कार सांगा. तुमच्या गोझोतल्या."

फोन ठेवल्यावर विस्तिनने कपाळ पुसलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सगळ्या फाइल्स उचल. का? कारण यातल्या एकीत त्याचा किडा बसलाय. सगळ्या उचलल्या की तोही आला बरोबर! मी फक्त मार्च उचलणार."

"बरोबर आहे!"

"आणि म्हणाला, पूर्ण साफ करू नको."

"का रे?" लेलीने विचारलं.

"का म्हणजे? साफ केलं तर किडा मरेल ना त्याचा! निळा 'नको' म्हणतोय, म्हणजे करायलाच हवं!"

आमच्या गावात या बोलण्याला कुणीही हसलं नसतं. उलट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकाने विस्तिनच्या पाठीत इतक्या कौतुकाने धपाटा घातला, की त्याचं डोकं मखमलीसकट पडद्यावर आपटलं.

काळी खिडकी उघडली, नोटपॅड उघडलं, फाइल्स दिसल्या. सगळ्यात वर होती 'नवा मार्च, अत्यंत गुप्त'. ती बघून विस्तिनचे डोळे भरून आले. "आहे रे, आहे! चेन्सूचा मार्च आहे!" त्याने ती पेनड्राइव्हवर टाकली. लेलीने कापडात आपलंही डोकं घातलं.

"ही खालची काय आहे? 'संडासाची नळदुरुस्ती'?"

"तो नळ दुरुस्त होऊन कैक दिवस झाले," विस्तिन म्हणाला. "ती कशाला हवी!"

तुम्ही आता ओरडाल, अहो तीच हवी, तीच! आमचाही जीव आजवर तिथेच अडकलेला आहे. पण क्लबच्या संडासाचा नळ मागे खरोखरच बिघडला होता, आणि त्याच्या इतक्या मीटिंगा विस्तिनने घेतल्या होत्या, की ते नाव वाचलं आणि त्याला नळच आठवला. लबाडी अशी पक्की जमली होती, की तिच्यात पहिला तोच सापडला. त्याने 'सगळं काढून टाका' दाबलं, 'ड्राइव्ह पूर्ण साफ करा' दाबलं, आणि हात झटकले.

ते साफ करणं संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी डबा सुरू झाला, तो अगदी दुकानातून आणल्यासारखा, आणि पडद्यावर पुन्हा निळा देखावा. पण तो विस्तिनने तिथल्या तिथे तांबडा करून टाकला. दुसऱ्या दिवशी सुरांचा प्रोग्रॅम नव्याने भरला आणि सगळ्या वाद्यांचे कागद छापून पाकिटांत घातले. विस्तिनला सुरांतलं ओ की ठो कळत नसे. नवा बँडमास्तर होता तरुण, परगावचा. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, "चाल जरा उड्या मारणारी आहे, नाही?" विस्तिन गहिवरून म्हणाला, "चेन्सूचा स्वभावच आनंदी होता!"

सरावाला सगळा बँड जमला. खिडक्या लावल्या, फटींत बोळे कोंबले. जुलैचा उकाडा, आणि आत चाळीस माणसं! पहिल्या रांगेत एकच खुर्ची मांडली होती. तिच्यावर काळ्या कपड्यांत, मांडीवर पर्स धरून, जेम्मा बसली होती. विस्तिनने छोटंसं भाषणही ठोकलं.

"मित्रांनो, निळ्यांनी आपला कॉम्प्युटर मारला. पण ह्या विस्तिनने चेन्सूचा मार्च त्यांच्या जबड्यातून ओढून काढला! जेम्मा, ऐक. तुझ्या नवऱ्याचा शेवटचा मार्च."

बँडमास्तरने काठी उचलली. पहिल्या ओळीला वाजवणारे एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी ओळखलं. पण लहानपणापासून बोटांत बसलेली चाल, ती थांबते कुठली! वाजवतच राहिले बिचारे. आणि जिथे पोरगं खांबावरून घसरून पाण्यात पडतं, तिथे मोठ्या ढोलवाल्याने सवयीने, जीव तोडून, ठोका हाणला. धप्प!

बँड एकदम थांबला.

"विस्तिन," लेलीने हळूच विचारलं, "कोण पडलं?"

त्या 'धप्प'बरोबर विस्तिनला सगळं आठवलं. खोटी फाइल, खरी फाइल, नळ, आणि स्वतःच्या हातांनी दाबलेलं 'पूर्ण साफ करा'. तो बहिणीसमोर जमिनीवरच बसला.

"जेम्मा, गेला गं मार्च. मीच पुसला. क्लेटन नको नको म्हणत होता, तरी पुसला." त्याला रडू आवरेना. "चेन्सूने एकदा ऐकायला मागितला होता माझ्याकडे. चार माणसं बोलाव म्हणाला. तेवढंही केलं नाही मी. त्याला ऐकू दिला नाही, आणि आता तुलाही नाही."

जेम्माने पर्स उघडली, रुमाल काढला आणि त्याच्या हातात दिला. "आधी नाक पूस. हा चेन्सूचा मार्च नाही, ते मला पहिल्याच सुराला कळलं."

"कसं?"

"मी ऐकलाय तो."

"कुठे?"

जेम्माने बोळे कोंबलेल्या खिडकीकडे हनुवटी उडवली. "समोर."

आमच्या क्लबात एकदा छताचा तुकडा कोसळला होता. तेव्हासुद्धा एवढा गोंधळ झाला नव्हता! ढोलवाल्याची काठी हातातून पडली. कुणीतरी लेलीला पाणी दिलं.

"ओरडू नका," जेम्मा म्हणाली. "विस्तिन, तू नाही म्हणालास ना? दुसऱ्या दिवशी चेन्सू स्पिरूकडे गेला. पेनड्राइव्ह घेऊन."

स्पिरू म्हणजे निळ्यांचा म्हातारा बँडमास्तर. तो आणि चेन्सू शाळेत एका बाकावर बसायचे.

"स्पिरूने अख्खा बँड बसवला. सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. पहिल्या रांगेत आम्ही दोघं. चेन्सूने दोनदा वाजवायला लावला. दुसऱ्या वेळी डोळे मिटून बसला होता. घरी येताना माझ्या दंडाला धरून सगळी वाट तोच गुणगुणत होता."

"आणि निळे कुणाला काही बोलले नाहीत?" लेलीचा विश्वासच बसेना. "एवढे दिवस?"

"चेन्सूने शब्द घेतला होता त्यांचा." ती उठली. "चल विस्तिन, ऊठ. चौक ओलांडायचाय."

निळ्यांच्या उंबऱ्याआत विस्तिनने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. चौक केवढासा, पण त्या दिवशी तो त्याला संपता संपेना. मागे तांबडे गॅलरीत दाटीवाटीने उभे, पुढे निळे गॅलरीत दाटीवाटीने उभे, आणि मधून बहिणीच्या मागोमाग, हातात ओला रुमाल घेऊन, आमचा सेक्रेटरी. निळ्यांच्या दारात क्लेटन टेकून उभा होता.

"या, शेतकरीबुवा! गोझोची बोट वेळेवर लागली ना?"

विस्तिनने मान खाली घातली. "पूर्ण साफ केलं रे मी."

क्लेटनचं हसू मावळलं. "नको म्हटलं होतं ना, सेक्रेटरीसाहेब!" तो हळू आवाजात म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

स्पिरूने काही विचारलं नाही. कपाट उघडलं, दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा काढला, फुंकर मारून टेबलावर ठेवला. "तुम्ही चौक ओलांडताना दिसलात, तेव्हाच म्हटलं काहीतरी घोळ झालाय. सगळ्या वाद्यांचे कागद आहेत. पेनड्राइव्हही आहे त्यातच." मग त्याने घसा साफ केला. "एक विचारू का, विस्तिन? कधीचं मनात आहे. चेन्सूला काही बोललो नाही, आजारी माणूस. पण ते नाव... 'संडासाची नळदुरुस्ती'? म्हटलं तांबडे आहेत, असेल त्यांच्यात काही प्रथा."

जेम्माने वरचा कागद उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. "हे नाव आहे याचं? मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, उत्सवाला कळेल तुला." तिने कागद विस्तिनपुढे धरला. "हे कळायचं होतं मला?"

"नाही गं!" विस्तिन म्हणाला. "ते मी लिहिलं. त्याने लिहिलेलं पुसून."

"त्याने काय लिहिलं होतं?"

विस्तिनने हातातला ओला रुमाल चुरगाळला. "'जेम्मा'," तो म्हणाला. "नुसतं 'जेम्मा'."

तो कागद तिने नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या, एक थोबाडीत मारली असती, तर विस्तिनला बरं वाटलं असतं. तिने नुसती पर्स मिटली आणि म्हणाली, "स्पिरू, थोडं पाणी देतोस?"

उरलेल्या दिवसांत विस्तिन एकदाही सरावाला थांबला नाही. चेन्सूला जे आपण नाकारलं, ते आपण आधी ऐकायचं नाही, असं त्याने ठरवलं. त्याऐवजी वर ऑफिसात बसून त्याने प्रत्येक कागदावरची नळदुरुस्ती काट मारून खोडली आणि लाल पेनने, शक्य तेवढ्या सुंदर अक्षरात, 'जेम्मा' लिहिलं.

उत्सवाच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. छपरांवरून कागदाचे कपटे उधळले जात होते. लेलीने ध्वनिक्षेपकावरून नाव जाहीर केलं आणि मार्च सुरू झाला. विस्तिन एका खांबाला धरून उभा राहिला. आता चाल कशी होती ते मी काय सांगू! मधे एका ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात आणि एकटी क्लॅरिनेट उरते, जसं कुणी दिवसभराचं काम आटोपून घरी येताना वाटेत स्वतःशीच गुणगुणतं. तिथे विस्तिनने गॅलरीत बसलेल्या जेम्माकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. त्याने समोर बघितलं, तर निळ्यांच्या गॅलरीतही सगळ्यांचे ओठ हलत होते. त्यांना पाठ होता. चार माणसं बोलावली असती, तर हे चेन्सूने आपल्याच क्लबात ऐकलं असतं, हा विचार विस्तिनच्या मनात आला आणि समोरचा बँड त्याला धड दिसेना.

शेवटचा सूर विरला. आणि मग निळ्यांच्या गॅलरीतून क्लेटनने दोन्ही हात वर केले आणि भान विसरून, मनापासून, त्याला ठाऊक होतं त्या नावाने आरोळी ठोकली.

"पुन्हा वाजवा! नळदुरुस्तीऽऽ!"

"नळदुरुस्ती! नळदुरुस्ती!" सगळे निळे ओरडायला लागले. आणि आनंदाच्या भरात तांबडेही! अख्खा चौक! विस्तिन जिवाच्या आकांताने "'जेम्मा' म्हणा रे, 'जेम्मा' म्हणा!" असं किंचाळत होता, पण त्या गदारोळात त्याचं कोण ऐकणार? गॅलरीत जेम्मा तोंडाला पदराएवढा मोठा रुमाल लावून बसली होती. ती रडते की हसते, ते खालून कळत नव्हतं.

आता तो मार्च बेटभर वाजतो. लग्नात वाजतो, मिरवणुकीत वाजतो, आणि छापील कार्यक्रमात काहीही लिहा, लोक मागतात ती नळदुरुस्तीच. चौकातली पोरं जेम्माला विचारतात, "मावशी, त्याला नळदुरुस्ती का म्हणतात हो?"

आणि जेम्मा बाजूला चहाचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या भावाकडे बोट दाखवून सांगते, "ह्याला विचारा. नाव ह्याने ठेवलंय."